आधी आपली माणसं हे बरोबर, पण कशात आधी?

हे पत्र सातारा जिल्ह्यातनं आलंय, नाव छापू नका म्हणाली म्हणून छापत नाही. थोडक्यात मजकूर असा:

"ताई, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या आजोळी घरटी एक माणूस फौजेत. माझे मामा सुभेदार म्हणून रिटायर झाले. यात्रेला सगळे जमलो होतो, टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू होत्या आणि मी बोलून गेले की सरकारनं शत्रूच्या देशातल्या साध्या माणसाचा जीव आपल्या माणसाइतकाच मोजला पाहिजे. मामा तापले. म्हणाले सरकार आपल्या टॅक्सवर चालतं, आपल्या मतांवर येतं, ते आधी आपलंच बघणार. आणि त्यांची पोरं वाचवायला मी माझी पोरं मरू देऊ का, मेली तर त्यांच्या आईला जाऊन सांगणार कोण, तू? मी पण गप्प बसले नाही, म्हणाले असं बोलणारेच उद्या वॉर क्राइम करतात. मामा जेवता जेवता उठले ते आजतागायत माझ्याशी बोलत नाहीत, फोन केला की मामी उचलते. आमच्यात बरोबर कोण? आणि मी आता काय करू?"

अगं, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते सोपंय. माफी माग. मताची नको मागूस, त्या एका वाक्याची माग. ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं वर्दीत काढली त्याला भर पंगतीत पाहुण्यांसमोर तू उद्या गुन्हा करशील म्हणणं हा मुद्दा नव्हताच, ती चपराक होती, आणि तुला ते माहीत होतं म्हणूनच तू बोललीस. रागात आपण सगळेच असे शब्द शोधून काढतो. कायद्याच्या दृष्टीनंही ते चुकीचं होतं, पण त्याच्याकडे नंतर येते.

आता बरोबर कोण. तुझं पत्र मी परत परत वाचलं आणि मला तर वाटतं तुम्ही दोघं एका विषयावर भांडलाच नाहीत. मामांचं पहिलं वाक्य होतं मदतीबद्दल, सरकारनं कुणाला आधी वाचवायचं. तू बोलत होतीस मारण्याबद्दल, सरकारनं कुणाचा जीव घ्यायचा नाही. आणि मामांचं जे शेवटचं वाक्य होतं ना, आईला सांगणार कोण, ते तिसऱ्याच गोष्टीबद्दल होतं, की परक्याचा जीव वाचावा म्हणून आपल्या जवानानं किती धोका घ्यायचा. खरा अवघड प्रश्न तोच आणि तू तो ऐकलाच नाहीस, कारण तोवर तू उत्तर जुळवत होतीस.

मदतीच्या बाबतीत मी मामांच्या बाजूची आहे, सरळ सांगते. 2 ऑगस्ट 1990 ला इराकनं कुवेत गिळलं. तेव्हा तिथं आपली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं होती, केरळची सगळ्यात जास्त, पण आपल्या रत्नागिरी-रायगडकडचीही होती. बँकेतले पैसे बँकेतच अडकले, नोकरी गेली, मालक पळून गेलेला, पासपोर्ट कुणाचा मालकाच्या कपाटात. त्यावेळी आपले परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दाम हुसेननं त्यांना मिठी मारली आणि तो फोटो जगभर छापून आला. केवढी टीका झाली. एक देश दुसऱ्या देशाला दिवसाढवळ्या खातोय आणि भारताचा मंत्री खाणाऱ्याच्या गळ्यात पडतोय! पण त्यानंतर लोक बसनं, मिळेल त्या वाहनानं वाळवंटातनं अम्मानपर्यंत गेले आणि तिथनं एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईला आणत राहिली, जवळजवळ दोन महिने, 488 फेऱ्या. त्याआधी नागरिकांना विमानानं एवढ्या मोठ्या संख्येनं कुणी हलवलं नव्हतं.

म्हणजे काय तर आपली माणसं सुटावीत म्हणून आपल्या सरकारनं कुवेतच्या माणसांवरच्या अन्यायाबद्दल आवाज बारीक ठेवला. कुवेतच्या लोकांनी ते पुढं बरीच वर्षं मनात ठेवलं आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तरीसुद्धा गुजरालांच्या जागी मी असते तर मी पण मिठी मारली असती, नाइलाजानं नाही, पटून. त्या पावणेदोन लाखांचं दुसरं कुणी नव्हतंच ना. त्यांच्यासाठी बगदादला जाणार कोण, फ्रान्सचा मंत्री? देश म्हणून एकत्र राहायचं तर संकटात कुणी कुणाकडे बघायचं हे ठरलेलं असावं लागतं, टॅक्स आणि मत हा त्याचाच एक भाग. पण बघ हां, गप्प बसणं वेगळं आणि हातभार लावणं वेगळं. भारतानं आपली माणसं काढायला सद्दामला दारूगोळा दिला असता तर मी हे लिहिलं नसतं.

त्याच वेळची आणखी एक गोष्ट कुणाला फारशी आठवत नाही. इराकवर निर्बंध लागले होते, अन्नसुद्धा जाऊ देत नव्हते, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे खेटे घालून भारतानं विश्वसिद्धी नावाचं जहाज धान्य घेऊन तिकडं पाठवलं. ते अडकलेल्या आपल्या माणसांसाठी होतं. सरकार आपल्या माणसांसाठी भांडतं म्हणजे असं भांडतं, फायली घेऊन.

पण मामांच्या वाक्यात एक शब्द आहे, आधी. आधी म्हटलं की नंतर पण आलंच. 2015 चं येमेन घे, तिथं युद्ध पेटलेलं. एडनच्या बंदरात गोळीबार चालू, आपल्या नौदलाच्या आयएनएस मुंबई या जहाजाला धक्क्याला लागता येईना, मग ते बाहेर समुद्रातच थांबलं आणि माणसं छोट्या बोटीतनं जहाजापर्यंत आणली, बायका, तान्ही पोरं, बोचकी. त्या पूर्ण ऑपरेशन राहतमध्ये आपली 4,640 माणसं काढली आणि त्यांच्याबरोबर 41 देशांची 960 माणसं. मोठमोठ्या देशांनी आपल्या लोकांना सांगितलं होतं की भारतीय जहाज येतंय, बघा जागा मिळते का. आणि उलट बाजूनं पण बघ, मुकल्ला नावाच्या बंदराच्या शहरात आपली 11 माणसं अडकली होती, तिथवर आपण पोचलो नाही, त्यांना पाकिस्तानी नौदलाच्या अस्लत नावाच्या जहाजानं कराचीला आणलं आणि पाकिस्ताननं स्वतःच्या विमानानं दिल्लीला पोचवलं. मामांना हे माहीत असणार, फौजेतल्या माणसांना असल्या गोष्टी आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात, फक्त ती टीव्हीवर बोलत नाहीत.

1971 तर अजून मोठं. पूर्व पाकिस्तानातनं जवळजवळ 1 कोटी माणूस आपल्याकडे आला. नागरिक दुसऱ्या देशाचे, आणि आपण काही तेव्हा श्रीमंत नव्हतो, रेशनच्या रांगा होत्या. सरकारनं काय केलं, त्या वर्षी नोव्हेंबरपासून पोस्टकार्डासारखे अपवाद सोडून सगळ्या टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायला लावलं. सुरुवातीला वेगळं तिकीट छापायला पण वेळ नव्हता म्हणून फॅमिली प्लॅनिंगचं जे लाल तिकीट होतं, आई-बाप आणि दोन पोरांचं, त्याच्यावरच शरणार्थी मदतीचा छाप मारला. जुन्या घरात पत्रांची तार असेल ना, लोखंडी, त्यात खुपसलेली पाकिटं, तुझ्या आजोळी असणारच फौजेतलं घर म्हटल्यावर, काढून बघ, 72 सालच्या पाकिटांवर सापडेल. सोलापूरच्या म्हातारीनं मुंबईच्या लेकाला पाकीट टाकलं तरी त्यातले पाच पैसे पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्याच्या बाईला. कुणी मोर्चा काढल्याचं मी तरी ऐकलं नाही. सरकारचे हेतू सगळे धुतल्या तांदळासारखे होते असं नाही, हे लोक परत गेलेच पाहिजेत हेही सरकार पहिल्या दिवसापासून म्हणत होतं. पण तोपर्यंत जगवले.

तेव्हा मदतीत रांग असते आणि तिच्यात आपला माणूस पुढं असतो, एवढं मामांना देऊन टाक. मनापासून दे.

मारण्यात रांग नसते. आपल्या पोराला आधी वाढणं वेगळं आणि शेजारच्या पोराच्या ताटात माती कालवणं वेगळं, पहिल्याची परवानगी आहे म्हणून दुसऱ्याची मिळत नाही. लोक बोलताना बरोब्बर इथंच घसरतात. सुरुवात करतात सरकारनं आधी आपलं बघावं इथनं, ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही, आणि पाचव्या वाक्याला पोचतात मग तिकडची चार मेली तर काय बिघडलं इथं. मधली तीन वाक्यं कुठं गेली ते कळत पण नाही.

परका नागरिक म्हणजे कोण हे उलटं धरून बघितलं की लवकर कळतं. मे 2025 मध्ये पूंछवर पाकिस्तानी तोफा चालल्या, घरांवर, बाजारात, शाळकरी पोरं गेली. आपल्याला तेव्हा संताप आला, यायलाच पाहिजे होता. पण पलीकडच्या तोफखान्याच्या हिशोबात ती पोरं म्हणजे परके नागरिकच की. त्यांच्या सरकारची त्या पोरांना वाचवायची जबाबदारी नव्हती, बरोबर, त्यांना दप्तर घेऊन द्यायची नव्हती, औषध द्यायची नव्हती. न मारण्याची होती. जर आपण म्हणत असू की ते चुकले, आणि आपण म्हणतोच, तर मग तो नियम आपल्यालाही लागला.

इतिहासाचं पण असंच आहे. तुमच्या फॅमिली ग्रुपवर शिवाजी महाराजांचं ते पत्र नक्की फिरत असणार, भाजीच्या देठालाही हात लावू नका वालं, आणि खाली लिहिलेलं असणार बघा शत्रूच्या जनतेशी सुद्धा कसं वागायचे. पत्र खरंय, अप्रतिम आहे, पण ते चिपळूणकडे छावणी करून राहिलेल्या स्वतःच्या फौजेला आहे आणि स्वतःच्या रयतेबद्दल आहे. महाराजांना काळजी ही होती की आपलीच माणसं म्हणतील मोगल परवडले. परक्या रयतेचं बघायचं तर सत्तरेक वर्षांच्या आत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये गेल्या, 1741 पासून दहा वर्षं, शेवटी बारा लाखांची चौथ ठरली तेव्हा थांबल्या. तिकडच्या एका अंगाईगीतात आजही बर्गी येतात. म्हणजे आपले स्वार. बंगाली आया पोराला झोपवताना जे नाव घेतात ते आपलं. नागपूरच्या दरबारात कुणीतरी नक्कीच म्हणालं असेल की आपल्या फौजेचा पगार कुठनंतरी भागवायलाच पाहिजे, आधी आपली माणसं.

(हे मामांना पहिल्याच भेटीत ऐकवू नकोस.)

कायद्याचं तुला मी काय सांगणार, पण तू जे म्हणालीस की जीव सारखाच मोजावा लागतो, ते असं कायदा म्हणत नाही गं. युद्धात कसं वागायचं ते ठरवणाऱ्या 1949 च्या जिनिव्हा करारांवर आपली सही आहे, 1960 मध्ये आपण त्यासाठी कायदाही केला, 1977 चा जोड-करार मात्र आपण घेतलेला नाही. पण लढणारा आणि न लढणारा यात फरक करायचा आणि न लढणाऱ्यावर मुद्दाम हल्ला करायचा नाही, हा नियम आता सही असो नसो सगळ्यांनाच लागू धरतात. त्यापुढं कायदा एवढंच म्हणतो की लष्करी ठिकाणावर हल्ला करताना आसपासची साधी माणसं मरण्याची शक्यता असेल तर तो तोटा मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानानं भलताच जास्त नको, आणि जमेल तेवढी खबरदारी घ्यायची. म्हणजे नागरिक मेला की आपोआप वॉर क्राइम होत नाही आणि आपल्या जवानांची काळजी करणारा अधिकारी तर अजिबातच गुन्हेगार नसतो. तुझं ते वाक्य परीक्षेत पण चुकलं असतं.

आता तो अवघड प्रश्न. समोर एक घर आहे, आत शत्रू आहे, आत बायका-पोरं पण आहेत किंवा असू शकतात. लांबनं उडवलं तर आपला एकही जात नाही. आत घुसून लढलं तर आपले दोन-चार जाऊ शकतात पण पोरं वाचतील. काय करायचं?

यावर इस्रायलमध्ये फार मोठा वाद झालाय, आणि तो इस्रायलच्या विरोधकांनी घातलेला नाही, दोन्हीकडची माणसं त्या देशाबद्दल आपुलकी असणारी. 2005 मध्ये आसा काशेर नावाचे तत्त्वज्ञ आणि अमोस यादलिन नावाचे जनरल यांनी मांडलं की दहशतवाद्यांशी लढताना, जो भाग आपल्या ताब्यात नाही तिथल्या नागरिकांच्या जिवासाठी आपल्या सैनिकाचा जीव धोक्यात घालायला सरकार बांधील नाही, कारण सैनिक पण आपला नागरिकच आहे, वर्दीतला. मामांचंच म्हणणं, फक्त इंग्रजी आणि हिब्रूमध्ये. 2009 मध्ये मायकल वॉल्झर हे अमेरिकन आणि अविशाई मार्गालित हे इस्रायली तत्त्वज्ञ, या दोघांनी त्याला उत्तर दिलं की असं नाही, तिथं आपलेच नागरिक अडकलेत असं धरून लढा, जेवढा धोका तेव्हा घेतला असता तेवढा आता घ्या.

मला दुसरं पटतं. पण ते बोलायला किती स्वस्त आहे तेही कळतं, मी इथं खुर्चीत बसलेय, आत घुसायचंय दुसऱ्याच्या पोराला.

म्हणून कुणी खरंच तसं केलं का ते बघू. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेमध्ये व्हेमोर्क नावाच्या ठिकाणी जड पाण्याचा (अणुसंशोधनात लागतं ते) कारखाना होता, जर्मनांच्या ताब्यात, अणुबॉम्बच्या भीतीमुळे तो बंद पाडणं इंग्रजांना फार गरजेचं वाटत होतं. विमानातनं बॉम्ब टाकावेत तर एकतर नेम लागेल का शंका, आणि तिथं अमोनियाच्या टाक्या होत्या, त्या फुटल्या असत्या तर खालच्या वस्तीतली माणसं गेली असती. देश सोडून इंग्लंडला आलेल्या नॉर्वेच्याच एका शास्त्रज्ञानं हे पुढं मांडलं. मग माणसं पाठवायचं ठरलं. नोव्हेंबर 1942 मध्ये ग्लायडरमधनं, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातनं, गेलेली पहिली तुकडी, ओढून नेणाऱ्या दोन विमानांपैकी कोसळलेल्या एकातल्या लोकांसकट 41 जण, त्यातला एकही परत आला नाही, काही कोसळून मेले, वाचलेल्यांना जर्मनांनी मारून टाकलं. एवढं झाल्यावर कुणीही म्हणालं असतं की झालं तेवढं पुरे, आता बॉम्ब टाका. तरी फेब्रुवारी 1943 मध्ये परत माणसंच गेली, या खेपेला नॉर्वेची, बर्फातनं स्कीवर, दरीत उतरून दुसऱ्या बाजूनं चढून, केबलच्या भुयारातनं आत. सुरुंग लावून झाले, वात पेटवायची वेळ आली आणि आतला म्हातारा रखवालदार म्हणतो माझा चष्मा सापडत नाही, युद्धात नवा मिळत नाही हो. आणि त्या बहाद्दरांनी चष्मा शोधला! मग स्फोट केला. एकही माणूस मेला नाही, कुठल्याच बाजूचा.

पुढची गोष्ट पण सांगायला पाहिजे नाहीतर लबाडी होईल. कारखाना परत चालू झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले आणि वीसेक नॉर्वेजियन नागरिक गेले. उरलेलं जड पाणी जर्मनीला न्यायला निघाले तेव्हा नॉर्वेच्याच माणसांनी ती फेरी बोट तळ्यात बुडवली, मुद्दाम रविवार धरला कारण रविवारी प्रवासी कमी असतात, तरी नॉर्वेचीच 14 माणसं बुडाली. म्हणजे हात कुणाचेच कोरडे राहिले नाहीत. पण फरक बघ. पहिल्या दोन वेळेला धोका कुणी अंगावर घ्यायचा हे ठरवताना वस्तीतल्या माणसांची मोजणी झाली. फेरी बुडवताना सुद्धा वार कुठला निवडायचा याचा विचार झाला. आणि हो, नॉर्वेची माणसं इंग्रजांच्या शत्रूदेशाची नव्हती, दोस्तांची होती, हा आक्षेप मामा घेतील आणि तो बरोबर आहे.

दुसऱ्या टोकाला कोसोवो, 1999. तिथल्या अल्बेनियन लोकांवर सर्बियाचं सरकार अत्याचार करत होतं, ते थांबवायला नाटोनं, म्हणजे अमेरिका आणि युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीनं, 78 दिवस बॉम्ब टाकले आणि वैमानिकांना धोका नको म्हणून सुरुवातीला तरी विमानं पंधरा हजार फुटांच्या वरनंच उडवली. लढाईत त्यांचा एकही वैमानिक गेला नाही. खाली ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संस्थेच्या मोजणीनं पाचशेच्या आसपास नागरिक गेले. 14 एप्रिलला तर ज्या अल्बेनियन लोकांना वाचवायला हे युद्ध चालू होतं त्यांच्याच निर्वासितांच्या ट्रॅक्टरच्या रांगेवर बॉम्ब पडले, वरनं ती लष्करी गाड्यांची रांग वाटली. पंधरा हजार फुटांवरनं ट्रॅक्टर कसा दिसणार. युद्ध योग्य होतं का अयोग्य तो वेगळा विषय, पण आपला एकही नको हा हिशोब शून्यावर नेला की बाकीचा आकडा कुणाच्या तरी नावावर पडतोच.

माझं स्वतःचं म्हणणं विचारशील तर जवानानं जादा धोका घ्यायचा असतो, पण कितीही नाही. शंभर टक्के मरणार माहीत असताना आत पाठवा असं कुणी म्हणू शकत नाही, आणि कुठलाच नियम तसं म्हणत पण नाही. किती, ते त्या जागेवरच्या माणसालाच ठरवावं लागतं आणि त्याला पाच मिनिटं असतात. मला जास्त राग येतो तो वरच्यांचा. जवानांचे जीव वाचवायचे म्हणून वस्ती उडवली असं जे पुढारी सांगतात त्यांना तेच जवान तयारीशिवाय, चांगल्या जॅकेटशिवाय, चुकीच्या माहितीवर पाठवताना काही वाटलेलं नसतं. जवानाचा जीव त्यांना भाषणात आठवतो. मामांनी जे म्हटलं, आईला जाऊन सांगणार कोण, ते मात्र भाषण नव्हतं. ज्यानं खरंच कुणाच्या तरी दारात जाऊन सांगितलंय त्याचं वाक्य आहे ते, मला तरी तसं वाटलं. तू विचारलंस का कधी?

आता काय करायचं ते. फोन नको आणि तो फॅमिली ग्रुप तर नकोच नको, तिथं चुलत-आते-मावस सगळे टपलेले असतात. मामींना विचार मामा घरी कधी असतात, आणि जा. गेल्या गेल्या त्या वाक्याची माफी, एका दमात, पुढं 'पण' न लावता. माझा मुद्दा असा होता की वगैरे नको. त्या दिवशी तेवढंच झालं तरी पुरे.

पुढं कधी ते स्वतः बोलायला लागले, आणि लागतील, तर त्यांना कोसोवो-नॉर्वे काही सांगू नकोस. त्यांना काश्मीरचं विचार. पोस्टिंग झालेलं असणारच. तिथं गावात घराला वेढा पडतो तेव्हा आपली फौज लांबनं तोफ का लावत नाही, विमान का बोलवत नाही? आधी आजूबाजूच्या घरातली माणसं काढतात, ओळखीच्या माणसाला पाठवून शरण ये म्हणून सांगतात, थंडीत रात्रभर थांबतात, आणि यात आपले जवान, अधिकारी गेलेत, पुष्कळ गेलेत. हे का? ते म्हणतील कारण ती आपली माणसं आहेत, आपल्या देशाचे नागरिक. (1966 मध्ये आत्ताच्या मिझोराममधल्या ऐझॉलवर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले होते, तेव्हा हे तिथं सुचलं नव्हतं, पण ते फौजेपेक्षा दिल्लीला विचारायचं.)

मग विचार, मामा, तेच घर, तेच तीन दहशतवादी, तीच चार पोरं, फक्त घर ताबारेषेच्या दोन किलोमीटर पलीकडे असतं तर तुम्ही काय केलं असतं?

कदाचित म्हणतील उडवलं असतं. कदाचित थोडा वेळ घेतील. मला खरंच माहीत नाही काय म्हणतील आणि तुलाही माहीत नाही, तू माहीत आहे असं धरून चालली होतीस. उडवलं असतं म्हणाले तरी का ते ऐक, पलीकडे गेल्यावर मागं फिरायचा रस्ता बंद होतो, मदत येत नाही, जखमीला उचलून आणता येत नाही, असलं काहीतरी सांगतील जे पुस्तकात नसतं आणि जे त्या धोक्याच्या हिशोबात खरंच धरावं लागतं. तुझं मत त्यानं बदलायलाच पाहिजे असं नाही. माझं बदललं नसतं.

फक्त प्रश्न विचारून झाल्यावर मधे बोलू नकोस. लॉच्या पोरांना ती सवय नसते माहीत आहे मला, आमच्या घरात दोन वकील आहेत.